देशीच्या दुकानापुढची मोपेड

मी मोपेड बोलतेय, मुरूमच्या सिद्धारामची. मूळचा माझा रंग लाल, आता सांगावा लागतो. देवानं मला एकच अक्कल दिली, हँडल वळेल तिकडं जायचं. बरंवाईट सगळं कळतं, पण बोलायची सोय नाही. हॉर्न आहे, तोही दुसऱ्यानं दाबावा लागतो.

सिद्धारामचं बाजारात दोर-कासऱ्यांचं दुकान आहे. मी घरी आले त्या दिवशी त्याच्या बायकोनं, गौराबाईनं, मला हळदकुंकू लावलं आणि दुकानातली बैलाची घुंगरं माझ्या हँडलला बांधली. "वाजत या, म्हंजी तवा ठिवाया बरं," ती नवऱ्याला म्हणाली. सुरुवातीला मी वाजत आले की खरंच चुलीवर तवा चढायचा. पुढं तीच घुंगरं ऐकून त्यांची लेक शिवप्रिया आतल्या खोलीत पळायला लागली.

कारण देशी दारूच्या दुकानापुढं, लिंबाखाली, माझी जागा ठरून गेली होती. सिद्धाराम गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून शपथ घ्यायचा आणि चार दिवसांत मी पुन्हा लिंबाखाली. घरी निघताना वास झाकायला तो लवंग चघळायचा. लवंग म्हणजे दारू, हे घरात पोरीलाही पाठ झालं होतं.

एका बाजाराच्या दिवशी महांतप्पा नावाचा म्हातारा शेतकरी कासरा घ्यायला आला. सिद्धारामला गाठ मारता येईना, हात कापत होते. म्हाताऱ्यानं कासरा घेतला आणि स्वतःच गाठ मारली.

"माजं हातबी असंच कापायचं, मालक," तो हळूच म्हणाला. "दारू सोडलेली आमी काही माणसं गुरुवारी दिवेलागणीला शाळेमागच्या खोलीत बसताव. यिऊन नुसतं बसा. शपथ कुणी मागत न्हाय."

शपथ मागत नाहीत, एवढ्यावरच सिद्धाराम गेला असावा. पण माणसाची तऱ्हा बघा. पिताना ज्याला लाज वाटली नाही, त्याला सोडताना वाटली. शाळेपाशी गाडी दिसली तर गाव हसेल, म्हणून त्यानं मला नेहमीच्या लिंबाखाली लावलं आणि बोळातून चालत खोलीत गेला. देशीच्या दुकानापुढं मी दिसले तर कोण काय विचारणार?

असे गुरुवारमागून गुरुवार गेले. परतताना महांतप्पा माझ्यापर्यंत सोबत यायचा.

"घरी सांगितलं का?"

"न्हाय मामा. लिंगावर हात ठिवून लई खोटं बोललो. आता टिकलं की मगच सांगतो."

तलफ आली की तोंडात काहीतरी ठेवा, असं म्हाताऱ्यानं सांगितलं होतं. याच्या खिशात होत्या लवंगा. मी कपाळावर हात मारून घेतला असता, पण हात कुठून आणू?

नवरा हल्ली नीट चालत घरी येतो, हे गौराबाईच्या ध्यानात आलं होतं. लवंगेचा वास मात्र तसाच. एका गुरुवारी पोरीला घेऊन ती बघायला आली, आणि मी लिंबाखाली उभी.

तिनं माझ्या सीटवर हात ठेवला. बाई, बोळातून पलीकडं जा, शाळेमागं उजेड आहे बघ, एवढंच मला सांगायचं होतं. घुंगरं होती, पण वारा नव्हता. तिनं गाठ सोडली, घुंगरं पदरात बांधली आणि लेकीला घेऊन माहेरी गेली, कर्नाटकात, आळंदला.

सिद्धाराम बोळातून आला, मोकळं हँडल बघितलं आणि समजला. ती गाठ फक्त तिलाच सोडवता यायची. दुकानातून कुणीतरी हाक मारली, "सिद्धाराम, ये की, लई दिस झालं." तो तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता संपलं. मग त्यानं मला स्टँडवरून काढलं आणि चालू न करता ढकलत महांतप्पाच्या घरी नेलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही आळंदला गेलो. गौराबाई दारातच उभी राहिली.

"गाडी दुकानाम्होरं हुती. म्या माझ्या डोळ्यानं बघितली."

"म्या मीटिंगला गेलतो. दारू सोडायच्या."

"व्हय. तिथं मीटिंगच असती." ती जरा पुढं आली. "आन् लवंग खाल्लीया न्हाय का?"

वाटभर तो लवंगाच चघळत आला होता. त्याचा हात लिंगाकडं गेला, पण त्यानं तो मागं घेतला. दार लागलं. नंतर महांतप्पाही एकदा जाऊन आला, पण एका पिणाऱ्याची साक्ष दुसऱ्यानं द्यावी, हे तिच्या माणसांना पटलं नाही.

आता गुरुवारी तो मला शाळेपुढं लावतो, विजेच्या खांबाखाली, साऱ्या गावाला दिसेल अशी. हसणारे हसून दमले. तो अजून प्यायलेला नाही. उद्याचं मला माहीत नाही, त्यालाही नाही. जिनं बघायला हवं तीच इथं नाही, आणि तिच्याकडं हँडल वळवणं माझ्या हातात नाही.

तुमच्यापैकी कुणी आळंदकडं जाणार असेल, तर गौराबाईला एवढा निरोप द्या. म्हणावं, एका गुरुवारी ये आणि गाडी कुठं उभी असते ते बघ. घुंगरं आणली नाहीस तरी चालेल.