घड्यात बसलेले दाजी

बंदरावरच्या मासळी लिलावाच्या शेडमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पाटावर मातीचा तोंडबंद घडा, शेजारी डोळे मिटलेले घडेबाबा, आणि वादळात बोटीसकट बेपत्ता झालेले दाजी घड्यातून बोलत होते. "मी सुखरूप आहे. शोधू नका. शोधाल तर माझी वाट मोडेल." बायका हुंदके देत होत्या, बोटवाले हात जोडून उभे होते. बाबांच्या हुकमाने एकही बोट धक्क्यावरून हलली नव्हती.

मागे भिंतीशी खरखरताई उभी होती. हे नाव लोकांनी ठेवलेलं. नोकरी वजनकाट्यावर आणि वेड हौशी रेडिओचं. शाळेत, बाजारात टेबल मांडून ती घसा कोरडा करायची, की बाबांनो, परवाना काढा, संच शिका, वादळात फोन मेले की हाच उपयोगी पडतो. समोर तीन डोकी, त्यातलं एक ऊन चुकवायला आलेलं. आता तिचा जीव टांगणीला लागला होता. दाजींच्या बोटीतलं पाणी किती पुरणार? ती बोटवाल्यांच्या पाया पडली, तर ते म्हणाले, माणूस स्वतः सांगतोय, तू कोण टिकोजीराव? सख्ख्या ताईने, दाजींच्या बायकोने, तर तोंडावर दार लावलं.

पण आज तिचे कान टवकारले. दाजी बोलायचे थांबले की घडा दरवेळी 'खस्स' करत होता. वॉकीटॉकीचं बटण सोडलं की ती अशीच खाकरते.

आपला संच घेऊन ती पुढे झाली आणि म्हणाली, मलाही कार्यक्रम करू द्या. बाबा गालात हसले. "ये, बाळ. तुझ्या डब्यात खरखर, माझ्या घड्यात माणूस. लोकांना फरक कळू दे."

तिने दाजींना पुन्हा बोलवायला सांगितलं आणि बटण फिरवत राहिली. दाजी बोलले, आणि शब्दन् शब्द तिच्या डब्यातूनही आला. शेड गार पडली.

"बाबा, मी तर साधा उपासही केला नाही. दाजी माझ्याकडे कसे आले?"

घड्यातून सांडलेली कृपा आहे ती, बाबा म्हणाले.

तिने लाकडी दांडीवर पोलादी मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेला अँटेना संचाला जोडला आणि ताईच्या हातात दिला. आम्ही हौशी लोक संच लपवून तो शोधायचा खेळ खेळतो, म्हणाली. जिकडे आवाज वाढेल, तिकडे चाल. नवरा भेटेल या आशेने ताई निघाली. बाबा इशाऱ्यासाठी खोकू लागले, खोकतच राहिले; पण घड्यातला आवाज थांबेना, बोलणाऱ्याला ते ऐकूच जाईना. आवाज वाढत वाढत बर्फाच्या खोलीपाशी आला. बोटवाल्यांनी दार ढकललं. आत खोक्यावर बाबांचा चेला बसला होता, वॉकीटॉकी तोंडाशी धरून, दाजींच्या आवाजात. ताईबरोबर रडून दाजींची खडान् खडा माहिती काढून घेणारा हाच. कुणीतरी घडा फोडला. त्यात दुसरी वॉकीटॉकी निघाली, फडक्यात गुंडाळलेली.

ताई रडली नाही. तिने बहिणीचं मनगट घट्ट धरलं. "म्हणजे ते बोललेच नाहीत. मग जिवंत आहेत का ते?"

'हो' म्हणावं असं खरखरताईच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिला रडू फुटलं.

"मला माहीत नाही, ताई. सगळं माहीत होतं ते त्या घड्याला. ज्याला माहीत नाही त्याने शोधायचं असतं. लोकहो, यापुढे आवाज ऐकलात की हात जोडण्याआधी तो येतो कुठून ते बघा. आणि आता बोटी काढा."

बोटवाले धक्क्याकडे पळत सुटले. ताई त्यांच्याही पुढे होती.