मागच्या पलंगाला एक हाक

मी एक घरगाडी. पुढे स्टिअरिंग, मधे शेगडी आणि बेसिन, मागे पडदा लावलेला पलंग. माणसं माझ्यात राहतात आणि मलाच हाकतात, त्यामुळे घरातलंही कळतं आणि रस्त्यावरचंही. चोंबडी म्हणा हवं तर. पण नवराबायकोचं भांडण आपल्या पोटातच चाललं असेल, तर कान कुठे ठेवायचे?

जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कारखान्यातला. पहिला धनी दातांचा डॉक्टर. त्यानं मला दारात उभं करून शेजाऱ्यांना दाखवलं आणि शेजारी जळायचे थांबले तशी विकून टाकलं. मग आले वेंडेल आणि आर्लीन. वेंडेलनं जन्मभर शाळेची बस चालवली, रोज त्याच गल्ल्या. निवृत्त झाला, ओहायोतलं घर विकलं आणि म्हणाला, "आता समुद्र लागेपर्यंत थांबायचं नाही." आर्लीननं टोमॅटोची दोन रोपं तेवढी कुंडीसकट माझ्या बेसिनमध्ये आणून ठेवली.

तो दिवस नेब्रास्का ओलांडण्याचा. नेब्रास्का म्हणजे मका आणि त्यानंतर मका. सकाळी कॉफीवरच ठिणगी पडली. आर्लीनची बहीण बेव्ह वायोमिंगला राहते. तिच्या शेजारचं छोटं घर रिकामं झालं होतं.

"तिथंच राहू या ना, वेंडेल. मला जमिनीत काहीतरी लावायचंय."

"समुद्र बघायच्या आधीच?"

"समुद्र कुठे पळून जातोय? घर मात्र जाईल. बेव्हला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचंय. तेवढं बोल."

"चालवताना डोकं खाऊ नकोस."

"बरं. नाही खात."

ती मागे गेली आणि पडदा ओढून घेतला. आता आधी बोलेल तो हरला. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघांनी एवढा एकच खेळ मनापासून खेळलेला.

दुपारी पेट्रोलला थांबलो. वेंडेल डाव्या अंगाला नळी धरून मक्याकडे बघत उभा. उजव्या अंगाचं दार उघडून आर्लीन सपाता घालूनच उतरली आणि दुकानात गेली. मी दार जोरात आपटून घेतलं. वेंडेलनं त्याचा अर्थ लावला की बाईसाहेब अजून तापलेल्याच आहेत. आत आला, आरशातून बंद पडद्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि निघाला.

जरा वेळानं त्याचा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आले गाडीची वॉरंटी विकणारे," तो पुटपुटला आणि फोन कापला. परत वाजला. "मेल्यांना घरदार नाही का?" परत कापला. आर्लीनचा फोन माझ्या शेगडीपाशी चार्जिंगला लावलेला. दोन्ही फोनना वीज माझीच, पण बोलायची सोय मला कुणी करून ठेवलेली नाही.

ऊन कलल्यावर वेंडेलनं घसा खाकरला.

"आर्ली, झोपेचं सोंग घे, पण ऐक. मी रोज पोरांना त्यांच्या त्यांच्या दारात सोडायचो आणि रिकामी बस घेऊन परत यायचो. वाटायचं, एकदा आपणही कुठंतरी जावं. झालं माझं जाऊन. आता तुला तुझ्या दारात सोडतो. बेव्हला हो म्हण. हे डबडं विकून टाकू."

डबडं म्हणजे मी. माझा निकाल लागत होता आणि ऐकायला एक उशी होती.

"बोल की गं. हरलो मी, मग तर झालं?"

पडदा गप्प. वेंडेलनं मला कडेला घेतलं, मागे जाऊन पडदा सारला आणि तिथंच रिकाम्या पलंगावर बसला. फोन पुन्हा वाजला. या वेळी उचलला.

"मीच आहे," दुकानाच्या फोनवरून आर्लीन म्हणाली. "वॉरंटीवाले नाहीत. उचलायचा नाहीस हे ठाऊक होतं, म्हणून करतच राहिले."

"मी... मी तुझ्याशीच बोलत होतो गं."

"ये आधी."

मोठ्या रस्त्यावर मागे वळायचं म्हणजे आधी बरंच पुढे जावं लागतं. गेलो आणि आलो. दुकानाबाहेरच्या बाकावर ती चेरीचा केक खात बसली होती. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "आजी, हेच का ते?"

"दुसरं कोण असणार?"

ती पुढच्या सीटवर बसली. "काय सांगत होतास?"

"सांगून झालं."

"मी नव्हते."

वेंडेलनं कोरड्या काचेवर वायपर फिरवले. मी मनात म्हटलं, गप्पच राहा बाबा, म्हणजे मी वाचेन. पण तो बोललाच.

"बेव्हला फोन लाव. हो म्हण."

"एवढंच बोलत होतास एवढा रस्ताभर?"

"मधे मक्याबद्दल बोललो."

ती पोट धरून हसली आणि मग फोन लावला. बसचं, पोरांचं, दाराचं ते सगळं बोलणं मात्र माझ्याकडेच राहिलं.

आता मी वायोमिंगमध्ये त्यांच्या अंगणात उभी आहे. टोमॅटो माझ्या चाकाशी लावलेत. कधीमधी वेंडेल येतो, इंजिन न लावता स्टिअरिंग धरून बसतो आणि पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेनं बघतो. तुम्हाला माझं एवढंच सांगणं: मागे कुणी रुसून पडलं असेल, तर निघण्याआधी एक हाक मारा आणि ओ आल्याशिवाय गाडी हलवू नका.

माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ची पाटी आहे. गिऱ्हाईक आलं की वेंडेल टोपी शोधेपर्यंत आर्लीन आधी बाहेर पोचते आणि हळूच सांगते, "छत गळतं हो हिचं."

माझं छत आजवर एकदाही गळलेलं नाही.