जयमालाबाईंच्या नावाचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सिमेंटचा बाक आहे. सध्या माझा मुक्काम सानपाड्यातल्या एका सोसायटीत, पंपाच्या खोलीमागे आहे. माझा एक पाय मोडला आहे आणि त्याखाली कोणीतरी दोन विटा सरकवल्या आहेत. माझे तोंड भिंतीकडे आहे. त्यामुळे माझ्यावर लिहिलेली 'कै. सौ. जयमाला नंदकुमार परुळेकर यांच्या स्मरणार्थ' ही अक्षरे आता फक्त पाली वाचतात.

माझा जन्म तुर्भ्याला, रस्त्याकडेच्या एका शेडमध्ये झाला. खडी, वाळू, सिमेंट कालवून मला साच्यात ओतले आणि आठ दिवस माझ्यावर पाणी मारले. मला घ्यायला नंदकुमारकाका स्वतः आले होते. पत्नीला जाऊन वर्ष होत आले होते. जयमालाबाई रोज संध्याकाळी कुंपणाजवळच्या पारिजातकाखाली खुर्ची टाकून तांदूळ निवडत बसायच्या. त्याच जागी काकांनी मला बसवून घेतले. पहिल्या दिवशी ते माझ्या एका कडेला बसले, उरलेला बाक मोकळा ठेवून.

पुढची तेरा वर्षे मी सुखात काढली. साडेपाच वाजले की काका यायचे. मागोमाग सानपाडा गावच्या मालतीबाई वालाच्या शेंगांची पाटी उतरवून टेकायच्या. आमची सोसायटी उभी आहे तिथे एके काळी त्यांच्या सासऱ्यांचे भाताचे शेत होते, पण त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही. काकांची नात ईश्वरी माझा आधार धरून उभी राहायला शिकली. कोणी माझ्यावर पाय ठेवला, तर काका खिशातला रुमाल काढून मला पुसायचे. एवढा मान दगडविटांना सहसा मिळत नाही.

मी आलो तेव्हा सोसायटीत चार गाड्या होत्या. बघता बघता चाळीस घरांच्या पन्नास झाल्या. काकांच्या मुलाने, प्रसादनेही एक घेतली. तो कामाला कंपनीच्या बसने जायचा आणि गाडी रविवारी तेवढी बाहेर निघायची. पण ती रस्त्यावर उभी, म्हणून सहा दिवस त्याचा जीव टांगणीला. कधी ओरखडा, कधी टोइंगवाले. घरात रोज तोच विषय.

मग वार्षिक सभा भरली, आमच्याच अंगणात. बाक आणि झाडे काढून सहा गाड्यांची जागा करायची, असा ठराव आला. मतांच्या मोजणीत ठरावाला एक हात कमी पडत होता. सगळे काकांकडे बघू लागले. प्रसाद तेवढा मान खाली घालून बसला होता.

"काका, टेन्शन नका घेऊ," सेक्रेटरी मितेश म्हणाला. "बाक कुठे जात नाही, फक्त सरकवतोय."

माझ्यावर बसूनच काकांनी हात वर केला. मला राग आला नाही, मित्रांनो. पोराची रोजची कटकट मिटावी, एवढेच त्या बापाच्या मनात होते.

जागा वाटायला चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी उचलायला लहान मूल हवे, म्हणून ईश्वरीला पुढे केले. प्रसादच्या नावावर पारिजातकाचा कोपरा निघाला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले गेले. काका हातातला पेढा तसाच धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी पारिजातक तोडला. मला दोरीने ओढत नेताना माझा पाय गेला. संध्याकाळी मालतीबाई पाटी घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या.

"भाऊ, बसाची जागा देऊन टाकली तुमी. आता आमी कुठं टेकाचा?" त्यांनी विचारले.

मालतीबाईंनी ओंजळभर शेंगा काकांच्या हातात दिल्या आणि त्या निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

तोंड भिंतीकडे असले, तरी पंपाच्या खोलीच्या कोपऱ्यावरून मला ती जागा कडेने थोडी दिसते. आजकाल साडेपाचला काका खाली येतात, प्रसादच्या उभ्या गाडीचे दार उघडतात आणि आत बसतात. चालकाच्या शेजारची जागा ते मोकळी ठेवतात आणि मागे, खिडकीशी बसतात.

काल ईश्वरीने काचेवर टकटक केली. "आजोबा, कुठे जायचंय?"

"कुठे नाही गं," काका म्हणाले. "तुझी आजी इथेच बसायची."

मित्रांनो, गाडी जरूर घ्या, मला तिचा मत्सर नाही. पण तिच्यासाठी जागा मोजाल, तेव्हा तिथे आधी कोण बसत होते ते एकदा विचारा. आणि माझे एवढे काम करा. कोणी चौघे आलात, तर मला फक्त वळवून ठेवा. काका इकडे पंपाचे पाणी बघायला येतात, तेव्हा त्यांना ते नाव वाचता येईल.