दहा मिनिटं पुढे

ग्रंथालयाचा नवा सर्व्हर आईला ओळखच देईना. बाकीच्यांचे संगणक त्याच्याशी मजेत जुळले; आईचा जुना, वेगळ्या सिस्टिमवरचा खटारा मात्र लॉगिनच्या दारातच अडला. "दुपारपर्यंत जमलं तर ठीक," साहेब म्हणाले होते, "नाहीतर सूचीचं काम दुसऱ्या कुणाला देऊ." पुस्तकांची सूची म्हणजे आईची पंचवीस वर्षं. तिने मला बोलावलं. संगणकदुरुस्ती हाच माझा धंदा, त्यामुळे मी तोऱ्यातच गेले.

दोन तासांत माझी चांगली जिरली. पासवर्ड तीनदा बदलला, केबल बदलली, सर्व्हरवरून आईचं नाव काढून पुन्हा घातलं. दरवेळी नकार. आई शेजारी बसून बघत होती.

"ठमे, मलाच जमत नसेल गं."

"तुझा पासवर्ड बरोबर आहे. हाच मेला आडमुठा आहे."

शेवटी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. त्यात होतं, वेळ जुळत नाही. हा नुसता पासवर्ड बघत नाही, दोन्हीकडची घड्याळंही ताडून बघतो. पाच मिनिटांहून जास्त फरक दिसला की दार बंद. मी संगणकावर पाहिलं, साडेअकरा. भिंतीवर, साडेअकरा. माझ्या मोबाइलवर अकरा वीस.

"आई! ही घड्याळं पुढे कुणी केली?"

"मी." ती गोरीमोरी झाली. "तू पहिलीत होतीस. एकदा मला निघायला उशीर झाला, नि तू शाळेच्या फाटकाशी एकटी रडत उभी. तेव्हापासून पुढेच ठेवते. संगणक आला, त्यालाही तसंच लावलं."

मला तो दिवस आठवतही नव्हता. मी उगाच खेकसले, "आणि आता कुणाला आणायला जातेस?"

"सवय गं."

मी संगणकाची वेळ बरोबर केली. आईने पासवर्ड घातला आणि सूची उघडली. ती लहान मुलीसारखी हसली. मग भिंतीवरच्या घड्याळाखाली स्टूल सरकवू लागली.

"ते राहू दे," मी म्हटलं. "त्याला कुठे लॉगिन करायचंय?"

आईचं काम पाचला सुटतं. संध्याकाळी पाचला दहा कमी असतानाच मी ग्रंथालयाच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. आई पर्स सावरत लगबगीने बाहेर आली, मला बघून थबकली.

"अगंबाई," ती म्हणाली, "उशीर झाला का मला?"