तारवाबाहेरची माणसं

सुतारकाकांनी संडे स्कूलसाठी नोहाचं तारू, म्हणजे जलप्रलयातलं ते मोठं जहाज, बनवलं, ते अगदी शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, दिलेल्या मापाचं. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. त्याचं प्रमाण काढून प्लायवुडवर पेन्सिलीनं आखलं आणि सूतभरही फरक पडू दिला नाही. तीन मजले, आतून-बाहेरून डांबराऐवजी काळं वॉर्निश. सगळं तयार झाल्यावर बायकोनं वर्गाच्या टोपलीतला प्लास्टिकचा हत्ती आणून शेजारी ठेवला. हत्ती तारवाहून उंच निघाला.

"अहो, हा आत जायचा म्हणजे याची चटणीच करावी लागणार."

"हत्ती चुकलाय," काका म्हणाले. "माप बरोबर आहे."

"बरं. मग मुंग्याही याच मापाच्या शोधून आणू का?"

काका हसले नाहीत. शास्त्राच्या बाबतीत ते हसत नसत. एक खिळा काढला की अख्खी चौकट हलते, अशी त्यांची पक्की समजूत होती. बायको गेली कित्येक वर्षं शास्त्रातल्या त्याच गोष्टी संडे स्कूलच्या मुलांना शिकवत होती, आणि शिकवता शिकवता तिचं मन हळूहळू दुसरीकडे वळलं होतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकावं तशी ती आता बायबल वाचायची. म्हातारं माणूस खोटं बोलत नसतं, पण म्हणून कोणी त्याच्या बोलण्याचा पंचनामा करत नाही. हे तिनं कोणाला सांगितलं मात्र नव्हतं. काकांना तर नाहीच. उगाच घरात धुसफूस कशाला?

रविवारी वर्गात तारू आलं. चर्चच्या मागची ती खोली, बुटकी बाकं, टकटक करत फिरणारा पंखा. मुलांनी प्राणी वाटून घेतले आणि काका मजले उघडून दाखवू लागले; देवानं पूर आणला तेव्हा नोहाचं कुटुंब आणि जोडीजोडीनं प्राणी एवढेच यात बसून वाचले, असं सांगत. मागच्या बाकावर बटण बसली होती. डोळे गोल, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. गेल्या वर्षी नदी वस्तीत शिरली, त्यात तिचे बाबा गेले. तेव्हापासून ती आज पहिल्यांदाच वर्गाला आली होती. संडे स्कूलच्या पुस्तकात या रविवारी नोहाची गोष्ट होती, म्हणून तीच काढली. इतकी मापं घेतली, पण समोर कोण बसणार आहे हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"काका, बाहेर कोण राहिलं?" बटणनं विचारलं.

"वाईट माणसं," काका सवयीनं बोलून गेले.

"सगळीच वाईट होती?"

"सगळी. तसं लिहिलंच आहे."

बटणनं मान हलवली. हातातला जिराफ तिनं हळूच बाकावर ठेवला.

"म्हणजे माझे बाबा पण?"

हातोडा स्वतःच्याच अंगठ्यावर बसावा तसा काकांचा चेहरा झाला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तिच्या मनात आलं, एखादं गाणं सुरू करावं, गोळ्या वाटाव्यात. पण हा प्रश्न असाच घरी गेला तर जन्मभर पोरीच्या उशाशी बसून राहील, हे तिला कळत होतं. ती गुडघ्यावर हात टेकून बटणसमोर खाली बसली.

"नाही," ती म्हणाली. आधी नुसतं नाही. बाकीचं मागाहून जमेल तसं.

"पण काका म्हणाले, लिहिलंय."

"लिहिलंय खरं. ज्यांनी ही गोष्ट सांगितली ना, त्यांनी मोठा पूर बघितला असणार. आपली माणसं जाताना बघितली असणार. मग त्यांना वाटलं, कोणाचं तरी काहीतरी चुकलं असेल. आपणही काही फुटलं की आधी काय विचारतो?"

"कोणी फोडलं!" दोन-तीन मुलं एकदम ओरडली.

"आमच्याकडे विचारत पण नाहीत, मलाच मारतात," एक जण म्हणाला.

"अगं, पण मग नोहा झालाच नाही का?" काका म्हणाले.

"मला काय ठाऊक, अहो? मी कुठे होते तिथं?"

मुलं फिदीफिदी हसली. काका मात्र हलक्या आवाजात म्हणाले, "असं एकेक सोडत गेलीस तर मागे राहील काय?" त्यांना राग आलेला नव्हता. ते खरंच घाबरले होते.

"येशू राहील ना. त्याच्या काळी एक बुरूज पडून माणसं मेली, तेव्हा लोकांच्या मनात हेच होतं. त्यानंच विचारलं, तुम्हाला काय वाटतं, ती माणसं बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती? आणि त्यानंच सांगितलं, मुळीच नाही."

"लूक, तेरावा अध्याय," काकांच्या तोंडून निघून गेलं. हेही लिहिलेलंच होतं, आणि त्याच पुस्तकात.

बटण दोघांकडे आळीपाळीनं बघत होती. "मग देवाला माझे बाबा आवडायचे?"

"अजून आवडतात," बायको म्हणाली.

काकांनी मुलांची एक खुर्ची ओढली आणि कशीबशी तीत बैठक जमवली. आता हे काय बोलतात, म्हणून बायको त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

"बाळ, तुझे बाबा त्या दिवशी बाहेर कशाला गेले होते गं?"

"स्कूटर वरच्या रस्त्यावर लावायला."

"नवी होती?"

"छे! जुनाट. चालूच व्हायची नाही. बाबा रोज सकाळी तिला शिवी द्यायचे. मग सॉरी म्हणायचे."

"स्कूटरला?"

"हो. सीटवर थोपटून."

"आणि शिवी कोणती द्यायचे?"

बटणनं काकांच्या बायकोकडे पाहिलं. चर्चची खोली, त्यात रविवार.

"सांग, सांग," ती म्हणाली. "आज चालेल."

बटण उठली, काकांच्या कानाशी गेली आणि हाताचा आडोसा करून तिनं सांगितलं. घरात साधं 'गाढवा' खपवून न घेणारे काका असे हसले, की ती इवलीशी खुर्ची करकरली. हसता हसता त्यांनी बाहीनं डोळे पुसले.

"अगं, ही तर मी रंध्याला देतो. लाकडात अडकला की."

"कधी?" बायकोनं विचारलं.

"तू दुकानात नसतेस तेव्हा."

बटण पहिल्यांदाच हसली. मग काकांचा खांदा धरून पुन्हा त्यांच्या कानाकडे वाकली.

"अजून एक आहे," ती म्हणाली. "पावसात चालू नाही झाली तर ती."