रेयान, रियान, रायन

माझा हात जड आहे, हे आधीच सांगून ठेवते. वडलांच्या मागं मटणाचं दुकान मी चालवते. दिवसभर ठोकळ्यावर सत्तूर चालतो, त्यामुळे बोलणंही तसंच झालंय, सरळ आणि मोठ्यानं. माझी धाकटी बहीण अगदी उलट. तिला नुसतं पाणी हवं असलं तरी आधी दोनदा 'अगं ताई' म्हणेल.

तिचा नवरा बसस्थानकावर गाड्या पुकारतो. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते माइकवरून सांगायचं, एवढंच काम. पण तोरा असा, की गाड्या जणू याच्या आवाजावरच चालतात. मी त्याला भोंगा म्हणते. आधी पाठीमागं म्हणायचे, नंतर तोंडावर म्हणायला लागले.

बाळ पाच महिन्यांचं झालं तरी नावाचा पत्ता नव्हता. त्यांच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला होता आणि त्यावर तीन नावं, रेयान, रियान, रायन. पहिलं धाकटीनं पोटुशी असतानाच हेरून ठेवलेलं. पुढची दोन भोंग्यानं घातलेली, कारण त्याच्या मते बायकोला उच्चार कळत नाही. मला तर तिन्हींत काडीचा फरक दिसेना. मी म्हटलं, "कुठलंतरी एक ठेवा आणि मोकळे व्हा. पोरगं काय बिननावाचं शाळेत घालणार आहात?"

"नाव घ्यायलाही जीभ लागते, ताई," भोंगा म्हणाला. "ते काय मटण तोडणं आहे?"

मी हसण्यावारी नेलं. तिथंच चुकले.

पुढं धाकटीचा कान सुजला. कपाटाचं दार लागलं म्हणाली. आठवड्यानं पुन्हा तोच कान आणि तेच कपाट. मी म्हटलं, "मला एकदा दाखव ते कपाट." तेव्हा तिचा बांध फुटला. तो रोज दुपारी जेवायला घरी यायचा, तिला त्या कागदासमोर उभं करायचा आणि नाव घ्यायला लावायचा. ती रेयान म्हणाली, की रियान ठरलं होतं म्हणून मारायचा. दुसऱ्या दिवशी रियान म्हणाली, की रेयान का नाही म्हणून मारायचा.

"बरोबर कुठलं ते त्यालाच माहीत नाही गं," ती म्हणाली. "पण चुकते मीच."

"आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. ती ऐकेना. शुक्रवारी नाव नोंदवायला जायचं ठरलं होतं. एकदा नाव नोंदवलं की तो थांबेल, असं तिनं मनाशी धरलं होतं. मी मूग गिळून गप्प बसले, आणि त्याबद्दल स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

बुधवारी दुपारी सत्तुराला धार लावून परत येत होते. वाटेतच त्यांचं घर. दार नुसतं लोटलेलं होतं. आत भोंग्यानं धाकटीचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड जेवणाच्या टेबलावर दाबलं होतं. बाळ समोर सतरंजीवर उताणं पडलेलं.

"पुन्हा म्हण," तो माइकवरच्या आवाजात म्हणाला.

"रायन," ती म्हणाली. त्यानं तिचं डोकं उचललं आणि टेबलावर आपटलं. ताटात रक्त सांडलं. एक दात ताटाच्या कडेला वाजून खाली पडला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतून सत्तूर काढला तेवढं आठवतं. धार वर, पाठ खाली, एवढी अक्कल शिल्लक होती. पहिला घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. त्यानं केस सोडले आणि भिंतीशी सरकला. मी मागोमाग गेले.

"रेयान," मी ओरडले आणि खांद्यावर घातला. "रियान," म्हणून गुडघ्यावर. "रायन," म्हणून पुन्हा त्याच गुडघ्यावर. "आता तू म्हण. काढ की जीभ बाहेर."

तो लहान मुलासारखा रडत होता. मला थांबायचं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. धाकटीनं मागून कमरेला मिठी मारली आणि रक्ताळलेल्या तोंडानं म्हणाली, "ताई, पोरगं बघतंय."

मग आम्ही बाळाला उचललं आणि निघालो. भोंग्यानं दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडलो. बाईनं हात मोडला हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्याच्यासाठी जिना, तिच्यासाठी कपाट.

गुरुवारी दुकान बंद ठेवलं. वरच्या खोलीत धाकटी तोंडाला बर्फ लावून बसली होती, बाळ माझ्या मांडीवर. मी लाडानं म्हटलं, "काय रे रेयान?" त्यानं डोळे घट्ट मिटले, मुठी आवळल्या आणि मान खांद्यात ओढून घेतली. मी रियान म्हणून पाहिलं, रायन म्हणून पाहिलं. दर वेळी तेच. वाटलं, आवाजाला घाबरतोय. म्हणून तितक्याच मोठ्यानं "खिडकी" म्हटलं, "बादली" म्हटलं, तर गडी बोळकं दाखवून हसला.

नावामागून काय येतं, ते त्याला पाठ झालं होतं.

"दुसरं नाव शोधू," मी म्हटलं. "ही तिन्ही नासली."

"रेयान माझं आहे," धाकटी म्हणाली. दात गेल्यामुळे बोलताना तिला त्रास होत होता. "तो पोटात होता तेव्हापासून मी त्याला तीच हाक मारते. हेही त्या माणसालाच देऊन टाकू?" तिनं बाळाला जवळ घेतलं आणि अगदी हळू नाव घेतलं. बाळानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. ती पुन्हा पुन्हा घेत राहिली. पंधरा-वीस वेळांनी त्याचे डोळे उघडे राहिले.

"आता मी," मी म्हटलं. तिच्याइतकंच हळू म्हणाले, "रेयान."

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. आधी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं, मग डोळे मिटले.

भोंग्याच्या पंक्तीला मी बसले होते. भाच्याच्या नजरेनं मला तिथं बसवलं होतं, आणि त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. मी हमसून रडले. धाकटी उठली, माझा हात धरून तिनं माझ्याच मांडीखाली सरकवला. "असा ठेव," म्हणाली, "आणि घे पुन्हा." संध्याकाळपर्यंत मी हातावर बसून नाव घेत होते. हाताला मुंग्या आल्या. डोळे काही उघडे राहिले नाहीत.

शुक्रवारी नोंदणीच्या खिडकीवर गेलो. कारकुनानं अर्ज वाचला आणि चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. "हे रेयान की रियान? उच्चार कसा करायचा?"

"हळू," धाकटी म्हणाली.

त्याला काही कळलं नाही, पण त्यानं नाव तसंच घेतलं, हळू. बाळानं वळून माझ्या हाताकडे पाहिलं. मी तो घरून निघतानाच स्वेटरच्या खिशात घातला होता. बाळ बराच वेळ खिशाकडे बघत राहिलं. मग डोळे मिटले, पण लगेच उघडले.