ओलिंदोची नवी बंदूक

ओलिंदो सिव्हिएरोला नवी बंदूक नकोच होती. जन्मभर जुन्या दोन नळ्यांच्या बंदुकीने बदकं पाडलेला माणूस तो; सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे त्याला शिवणयंत्र वाटायचं. पण खांदा धरला, जुनीचा धक्का सोसेना, आणि मुलगी मिरेल्ला अन् जावई देनिस यांनी वाढदिवसाला ही टेबलावर आणून ठेवली.

"धक्का निम्मासुद्धा नाही, बाबा. आणि बंदूकवाल्या गास्तोनेच्या दुकानातून दस्ता तुमच्या मापाचा करून आणलाय," मिरेल्ला म्हणाली.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. पोटच्या पोरीने आपली हौस ओळखली, अजून काय हवं!

मापाचा म्हणजे काय, ते पो नदीच्या मुखाशी शेंबड्या पोरालाही कळतं. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, बंदुकीला जोडतो त्या सांध्यात एक पातळ चकती बसते. तिच्यामुळे दस्ता किंचित उजवीकडे झुकतो, नाहीतर डावीकडे. चकती बरोबर असेल तर गाल टेकला की डोळा आपोआप नळीच्या रेषेत येतो. चुकीची असेल तर छर्रे भलतीकडेच जातात. म्हणून शहाणा माणूस आधी पुठ्ठ्यावर ठिपका काढून चार बार टाकून बघतो. पण आमच्या खाजणातले म्हातारे आणि शहाणपण! पुठ्ठ्यावर बार टाकायचे ते शहरातल्या हौशी लोकांनी, असा त्यांचा तोरा. इथे नवी बंदूक मोकळी करायची ती हंगामाच्या आदल्या रविवारी, बांधावर, गावातल्या शिकाऱ्यांच्या सगळ्या मंडळीसमोर. दस्त्यावर वाइनचा थेंब टाकायचा आणि हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडायच्या.

ओलिंदोने तेच केलं. नवं यंत्र ताठ असतं, म्हणून जड काडतुसं भरली. तरी पहिलंच रिकामं टरफल बाहेर पडायच्या खाचेत अडकलं.

"अरे, शिवणयंत्रात दोरा अडकला!" त्याचा जुना दोस्त नेरिओ ओरडला. सगळे हसले, ओलिंदोही हसला.

मग यंत्र सुटलं, टरफलं पटापट बाहेर पडू लागली, पण तबकडी काही फुटेना. एक गेली, दुसरी गेली.

"तबकडी समुद्रावर, आणि तू बार टाकतोयस व्हेनिसवर!" नेरिओ पुन्हा म्हणाला. या वेळी हसणारे कमी होते. आणखी काही तबकड्या अखंड चिखलात पडल्यावर नेरिओचीही चेष्टा थांबली. लोक बुटांकडे बघू लागले. ओलिंदोने बंदूक खाली केली. खांद्याचं दुखणं परवडलं, पण हे काय? गेले डोळे. असेच जातात, माणसाला कळतही नाही.

आता पिंपाचं सांगायला हवं. खाजणाच्या चिखलात सिमेंटची पिंपं गळ्यापर्यंत पुरलेली आहेत. पहाटे त्यात उतरून बसायचं, भोवती लाकडी बदकं तरंगत ठेवायची आणि वाट बघायची. ओलिंदोचं पिंप त्याच्या बापाचं, खाजणातलं सगळ्यात चांगलं. ते त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नव्हतं. धन्याने स्वतःच्या तोंडाने, मंडळीसमोर, पेला रिकामा करून दिलं तरच ते दुसऱ्याचं होतं. मग मात्र शब्द मागे घेता येत नाही. देनिसचा त्यावर किती दिवस डोळा होता, ते सगळ्यांना माहीत होतं. आणि म्हातारा मेल्याशिवाय सोडणार नाही, हेही.

ओलिंदोने पेला उचलला. आंधळ्याने पिंपात बसून लोकांचे जीव कशाला धोक्यात घालायचे?

"पिंप देनिसचं," तो म्हणाला आणि पेला रिकामा केला.

देनिसने त्याला मिठी मारली.

घरी येऊन ओलिंदोने बंदूक पुसली, तेल लावलं, आणि ठेवता ठेवता कपाटाच्या आरशासमोर थांबला. रिकामी आहे ना, ते बघितलं. डोळे मिटले, बंदूक उजव्या खांद्याला लावली, गाल टेकला, डोळे उघडले. आरशात त्याचा डोळा नळीच्या डावीकडे सरकलेला, अगदी स्पष्ट दिसत होता. त्याने पुन्हा केलं. तेच. मग बंदूक डाव्या खांद्याला लावली. डोळा बरोब्बर नळीच्या मधोमध.

देनिस डावखुरा होता.

मिरेल्ला स्वयंपाकघरात मक्याचं पीठ घोटत होती. त्याने बंदूक टेबलावर ठेवली.

"डावी चकती कुणी घालायला सांगितली?"

तिचा हात थांबला. खोटं बोलेल असं वाटलं होतं, पण नाही बोलली.

"मी. गास्तोने नको म्हणत होता. मीच हट्ट धरला."

"का गं?"

"जानेवारीत त्या पिंपातून तुम्हाला बाहेर ओढलं तेव्हा तुमचे ओठ निळे पडले होते, बाबा. किती विनवलं, जाऊ नका म्हणून. ऐकलंत कधी?"

"आणि बंदूक आयती नवऱ्याच्या मापाची झाली."

तिने बंदुकीवरची नजर काढून पातेल्याकडे वळवली.

"अगं, पिंप मागायचं होतंस! भांडायचं होतंस, दार लावून कोंडायचं होतंस मला! चारचौघांत आंधळा ठरवलंस. दुपारभर मी मनात पांढरी काठी घेऊन बसलो होतो!" त्याचा आवाज चिरकला. "उद्या मंडळीला सांगतो सगळं."

"सांगा," ती पिठाकडे बघत म्हणाली. "देनिसला मंडळीतून हाकलतील. माझ्या तोंडावर गावात थुंकतील. फसवून घेतलेला शब्द मोडतो, तुम्हाला पिंप परत मिळेल."

पीठ तळाला लागल्याचा वास सुटला. दोघांपैकी कुणी हललं नाही.

ओलिंदोने सांगितलं नाही. सांगायला म्हणून दोनदा मंडळीच्या अड्ड्यापर्यंत गेला, आणि नुसती कॉफी पिऊन परत आला. हंगाम सुरू झाला. देनिसने पहिल्याच सकाळी त्याच बंदुकीने भरपूर बदकं आणली, आणि गावाने सासऱ्याच्या मोठ्या मनाची तारीफ केली. ओलिंदो पानात वाढलेलं बदक खाली मान घालून खायचा.

एका रविवारी चर्चमधून परतताना नेरिओने बांधाच्या चढणीवर त्याचं कोपर धरलं.

"जपून रे, इथे दगड आहे."

दगड ओलिंदोला केव्हाच दिसला होता. त्याने कोपर सोडवून घेतलं नाही. तेवढ्यात समुद्राकडून एक थवा आला, खाली उतरला आणि वळला. ओलिंदोला प्रत्येक पक्षी वेगळा दिसत होता: पुढचा नर, त्याचं तपकिरी डोकं, सुईसारखी लांब शेपूट, गळ्यावरची पांढरी रेघ.

नेरिओ डोळे बारीक करून बघत होता. बिचाऱ्या मित्राला निदान सांगावं तरी, म्हणून म्हणाला, "हिरव्या डोक्याची आहेत रे, ओलिंदो. चांगली माजलेली."

"असतील," ओलिंदो म्हणाला.